दवाखान्यातलं हिरवं पाणी

दवाखाना उघडला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि दिसायला त्याहूनही लहान. सोलापुरात बाजाराच्या मागच्या रस्त्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. बाहेरच्या खोलीत पेशंटना बसायला दोन बाकं, आतल्या खोलीत माझं टेबल, आणि मधल्या पडद्याआड औषधांचं कपाट. लोक दारातून डोकावायचे, मला बघायचे आणि विचारायचे, "डॉक्टर अजून आले नाहीत का?"

"मीच डॉक्टर."

"असं होय? बरं, जरा जाऊन येतो." आणि गेलेला माणूस परत यायचा नाही.

माझ्याकडचे कंपाउंडर साठीला टेकलेले होते. शहरातल्या एका जुन्या डॉक्टरांकडे त्यांनी आयुष्यभर काम केलं होतं आणि ते डॉक्टर वारल्यावर माझ्याकडे आले होते. घर पूर्व भागात, घरात मुलांचे माग चालायचे, घरची बोली तेलुगू. मराठी स्वच्छ बोलायचे, पण मोजकं. पांढरे केस, पांढरा सदरा, सोनेरी काड्यांचा चष्मा. लोकांना तेच डॉक्टर वाटायचे. कुणी त्यांच्यासमोर नाडी बघायला हात धरला की ते माझ्या खोलीकडे बोट दाखवायचे. मी त्यांना काका म्हणायचे. ते मला बाई म्हणायचे, आणि त्या 'बाई'त आदर किती आणि काळजी किती, हे मला बरेच महिने कळलं नाही.

जी मुलं यायची ती उंबऱ्यावरच रडायला लागायची. आईच्या पदराला लटकायची, दाराची कडी धरून ठेवायची. पुण्याला मी शिकत होते तेव्हा आमच्या एका सरांच्या दवाखान्यात माशांची काचेची पेटी होती. तिच्यासमोर मूल आईचं बोट सोडून उभं राहायचं, आणि सर त्याच्या पाठीला नळी लावून त्याची छाती तपासून मोकळेही व्हायचे. मुलाला पत्ताच नसायचा. ते माझ्या मनात राहिलं होतं. एके दिवशी दुपारभर एकही पेशंट आला नाही, तेव्हा मी काकांना म्हटलं, "आपण मासे ठेवू या."

काकांनी चष्मा काढून पुसला. "बाई, दोन वर्षांमागं आम्ही एका घागरीसाठी अर्धा दिवस रांगेत उभे होतो. आणि आता मासे?"

दुष्काळ सगळ्यांच्याच मनात ताजा होता. मी म्हटलं, "पेटीतलं पाणी संपत नाही काका. आणि जे काढू ते दारातल्या लिंबाला घालू."

"घाला," ते म्हणाले. त्या शब्दात संमती नव्हती, पण विरोधही नव्हता.

खिडक्यांचे गज करणाऱ्या एका कारागिराकडून मी लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा करून घेतला, तीन फूट लांबीचा. तसबिरी मढवणाऱ्याने काचा कापून दिल्या आणि फटी बुजवायला कडांना पुटी भरली. दोन दिवस वाळवून पाणी भरलं तेव्हा बाकावर एकच पेशंट होते, खोकल्याचे एक गृहस्थ. थोड्या वेळाने त्यांनी दोन्ही पाय उचलून बाकावर मांडी घातली आणि शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, तुमचं तळं फुटलं." मला डॉक्टर म्हणणारे ते पहिले पेशंट. मी फडक्याने फरशी पुसत होते, तरी मला फार बरं वाटलं.

तिसऱ्या वेळी पुटी धरली. नदीची वाळू आठ पाण्यांनी धुतली. नळाच्या पाण्यात औषध असतं म्हणून पाणी पिंपात दोन दिवस उघडं ठेवून मग भरलं. तळ्यावर जाळी टाकणाऱ्या एका भोयाला मी वनस्पती मागितल्या, तेव्हा तो आधी पोटभर हसला. "गवत इकत मागायला आलेली बाई आज बगितली," म्हणाला, आणि पैसे न घेता फितीसारख्या लांब पानांची एक जुडी आणि मूठभर गोगलगाई माझ्या पिशवीत टाकल्या. मी त्यातली वीसेक रोपं निवडली आणि शाळेतल्या प्रार्थनेसारख्या, वीतभर अंतर राखून, रांगेत लावली. फार शिस्तीचं दिसत होतं. माझा अगदी ऊर भरून आला.

मासे माझ्या भावाने पुण्याहून आणले. आगगाडीत, झाकणाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात. दोन सोनेरी मासे आणि आठ काळे मॉली. "दौंडपासून पुढे प्रत्येक माणसाने झाकण उघडून बघितलं," तो वैतागून म्हणाला. मासे पाण्यात सोडले. काळे मासे क्षणभर एका कोपऱ्यात गोळा झाले आणि मग सगळीकडे पांगले. सोनेरी मासे संथपणे काचेजवळ आले. काका माझ्यामागे उभे होते.

"चेपलू," ते म्हणाले.

"काय?"

"आमच्यात माशांना म्हणतात." आणि लगेच औषधाच्या बाटल्या पुसायला निघून गेले. घरच्या भाषेतला एखादा शब्द ते दवाखान्यात पहिल्यांदाच बोलले होते.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी विसरणार नाही. मुलं आत यायला लागली. आधी रस्त्यावरची, बघायला. मग त्यांच्या आया, मुलांना न्यायला. मग त्याच आया, दुसऱ्या दिवशी मुलाचा कान दाखवायला. "माशांचा दवाखाना" असं नावच पडलं. माढ्याहून ऊस घेऊन आलेला एक गाडीवान मुलाला घेऊन आला, कारण रिक्षावाल्याने त्याला सांगितलं होतं की पोरगं रडत नसंल असा एकच दवाखाना हाय. सरांची युक्ती मी जशीच्या तशी वापरली. मूल काचेला नाक लावून उभं राहायचं आणि मी मागून त्याची छाती ऐकायची.

याच दिवसांत अव्वा यायला लागल्या. त्या मैंदर्गीच्या, कानडी सीमेजवळच्या गावच्या. सोलापुरात धाकट्या मुलाकडे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा लागला, आणि त्यांना सगळं नव्याने दिसायला लागलं. पहिल्यांदा गुडघा दुखतो म्हणून आल्या. घरात नातवंडं त्यांना अव्वा म्हणायची, म्हणजे कानडीत आई, आजीलाही म्हणतात, म्हणून मीही अव्वाच म्हणायला लागले. गुडघा बरा झाला तरी त्या रोज यायच्या. नऊवारी लुगड्याचा ओचा सावरत बाकाच्या टोकाला, पेटीजवळ बसायच्या आणि बाराला उठून जायच्या.

"अव्वा, आज काय होतंय?" मी विचारायची.

"काय न्हाय. मासं बगतीया. तुजं काय जातंय?"

महिना होत आला असेल. काचेवर आधी तपकिरी धुरळा बसला. मी तो कापसाने पुसला. मग पाण्यावर पोपटी झाक आली. चार दिवसांत ती गडद झाली, आणि एका सकाळी मी दार उघडलं तर पेटीत मासे नव्हतेच. म्हणजे होते, पण दिसत नव्हते. तीन फूट लांब, दीड फूट उंच असा पालकाचा रस भरून ठेवला होता. मधूनच एखादं सोनेरी तोंड काचेपाशी यायचं आणि हिरव्यात बुडून जायचं. माझ्या शिस्तीच्या रोपांच्या पानांना केसांसारखं शेवाळ लोंबत होतं.

आता कुणाच्या घरी असं झालं असतं तर कुणाला काही वाटलं नसतं. पण हा दवाखाना होता. हिरव्या पाण्याशेजारी बसून "पाणी उकळून प्या" असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? लोक पेटीकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे.

मी त्या पेटीवर इलाज सुरू केला, अगदी डॉक्टरसारखा. पहिल्या दिवशी सगळं पाणी काढून नवं भरलं. घाईत होते, पिंपातलं पुरलं नाही, म्हणून नळाचं थेट घातलं. तासाभरात मासे वर येऊन तोंडं उघडी टाकायला लागले. काकांनी धावत जाऊन शेजारच्या सायकलवाल्याकडून मोटारीच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब आणली. तिच्या तोंडाला सलाईनची नळी बांधली, नळीची चिमटी थोडी सैल केली आणि टोक पाण्यात सोडलं. बुडबुडे यायला लागले. त्या दिवशी मासे वाचले. चौथ्या दिवशी पाणी पुन्हा हिरवं झालं, पहिल्यापेक्षा जास्त.

मग मी जे केलं ते सांगायला मला आजही जड जातं. कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की मोरचुदाने शेवाळ मरतं. चिमूटभर निळे खडे विरघळवून मी पाण्यात घातले. किती पाण्याला किती, याचा नीट हिशेब केला नाही. शेवाळ थोडं पांढरं पडलं. पण दुसऱ्या दिवशी सगळ्या गोगलगाई तळाशी उलट्या पडलेल्या होत्या, आणि तीन काळे मासे पाण्यावर आडवे.

काकांनी ते चमच्याने काढले, कागदात गुंडाळले आणि लिंबाखाली पुरले. बाकावर मुलाला मांडीवर घेऊन बसलेली एक बाई हे सगळं बघत होती. ती उठली. जाताना शेजारणीला म्हणाली, "जिला मासं जगवता येईनात, तिच्या हातात पोरगं द्यायचं व्हय?"

मी आत जाऊन खुर्चीत बसले. पेटी विकून टाकावी, असं पक्कं ठरवलं.

तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि अव्वा आत आल्या. "रडू नगं," त्या म्हणाल्या. मी रडत नव्हते, पण त्यांनी तसं म्हटल्यावर रडू आलं. त्यांनी मला हाताला धरून बाहेर नेलं, पेटीसमोर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

"मला सांग, शेतात तण कवा माजतं?"

"मला काय माहीत अव्वा. मी शेतात कधी गेले नाही."

"मग ऐक. रान मोकळं असलं, खत पडलं आनि ऊन लागलं, की तण माजतं. तू चार हातावर जोंधळ्याचं एक ताट लावल्यागत केलंस. मधल्या रानात काय उगवंल? जोंधळा दाट असला तर तणाला जागाच न्हाय की."

मी त्या वीस रोपांकडे बघितलं. माझी शिस्त.

"आनि ऊन बग." त्यांनी खिडकीकडे हात केला. खिडकी पूर्वेची होती. सकाळी आठपासून अकरापर्यंत ऊन थेट पेटीवर पडायचं. सोनेरी मासे त्यात चमकायचे म्हणून मीच पेटी मुद्दाम तिथे ठेवली होती.

"आणि खत?" मी विचारलं. "खत कुठलं?"

"हेंच्या पोटात जातं त्येच की. किती घालतीस खायाला?"

"सकाळी चिमूटभर."

अव्वांनी काकांकडे बघितलं. काका चष्मा पुसायला लागले. मग म्हणाले, "मी दवाखाना बंद करताना थोडा भात घालतो. उपाशी झोपू नयेत म्हणून."

झाडलोट करणारी बाई दारातच उभी होती. ती म्हणाली, "म्या आपलं भाकरीचा चुरा टाकती सकाळी. तुमी यायच्या आदी." बाकावरची दोन मुलं खाली बघायला लागली. त्यांच्या हातात चुरमुऱ्याच्या पुड्या होत्या. पाण्यात हात घालून मी तळाची वाळू जरा उकरली. खाली चुरमुरे, भात, डाळ्या आणि बिस्किटाचा एक आख्खा तुकडा निघाला. सगळं कुजून काळं झालेलं.

"आणि तुम्ही, अव्वा?" मी विचारलं.

"मी बी टाकते की," त्या म्हणाल्या. "थोडी साखर. देवाची." आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्या हसल्या म्हणून काका हसले. काकांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांचा एक दात सोन्याचा होता, हेही मला तेव्हाच कळलं.

मला एकदम एक गोष्ट स्वच्छ दिसली. इतके दिवस मी शेवाळाशी भांडत होते, आणि शेवाळाचा काही दोष नव्हता. त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून लाडाने वाढवलं होतं. पेशंटला समोर बसवून "काय खाल्लं? कधीपासून? घरात कोण कोण?" हे विचारल्याशिवाय मी कधी औषध दिलं नव्हतं. या पेटीला मात्र एक प्रश्नही न विचारता विषाचा डोस दिला.

मग आम्ही कामाला लागलो. पेटी खिडकीपासून आतल्या भिंतीला सरकवली. त्याला चार माणसं लागली, त्यातले दोघे पेशंट होते आणि एकाला ताप होता. त्याला मी नको नको म्हणत होते, पण तो ऐकेना. खिडकीवर टांगायला काकांनी घरच्या मागावरची एक चादर आणली, नक्षी चुकल्यामुळे बाजूला पडलेली. तिच्यावरच्या मोराला दोन शेपट्या होत्या. मी पुन्हा तळ्यावर गेले. भोयाने मला ओळखलं. या वेळी पोतंभर दिलं आणि म्हणाला, "म्हैस पाळली काय बाई?" ते सगळं अव्वांच्या देखरेखीखाली लावलं. "अजून. हितं बी. न्हाय, आजून दाट." मी हात कोपरापर्यंत पाण्यात घालून लावत होते आणि त्या बाकावरून सांगत होत्या. रोपांसोबत नव्या गोगलगाईही आल्या.

दोन सोनेरी मासे पेटीला मोठेच होते. खायचे भरपूर आणि घाणही तेवढीच करायचे. त्यांचं काय करावं, हा प्रश्न होता. काका घसा खाकरून म्हणाले, "आमच्या अंगणात हौद आहे. सूत भिजवायचा. आता रिकामाच असतो." पुढे एकदा मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांची सून मला हळूच म्हणाली, "मामंजी घरात कुणाशी बोलत नाहीत, पण हौदाशी अर्धा तास गप्पा मारतात."

राहिलं खाणं. ते एकाच माणसाने घालायचं ठरलं, दिवसातून एकदा, दहा वाजता. ते काम अव्वांना दिलं. त्या इतक्या गंभीर झाल्या, जणू मी त्यांना शाळेची हेडमास्तर केलं. दहाच्या ठोक्याला उठायच्या, तर्जनी आणि अंगठ्याच्या टोकात मावेल एवढंच घ्यायच्या, पाण्यावर भुरभुरायच्या आणि माशांना सांगायच्या, "साकु." साकु म्हणजे पुरे. एखादं मूल चुरमुरा घेऊन पुढे आलं तर त्यालाही तेच, "साकु!" आठवड्याभरात रस्त्यावरची सगळी मुलं साकु शिकली. एका आईने मला विचारलंही, "हे साकु काय आहे हो? जेवताना सारखं म्हणतोय."

पहिले आठ दिवस काहीच झालं नाही. दर दोन दिवसांनी मी पिंपातलं पाणी घेऊन दोन तांबे बदलायची, तेवढंच. हात शिवशिवायचे. काहीतरी करावं, काहीतरी घालावं असं वाटायचं. अव्वा माझ्याकडे बघून नुसती मान हलवायच्या.

दहाव्या दिवशी मला पेटीमागची भिंत दिसली. आधी वाटलं, भास असेल. मी काकांना बोलावलं. "मागे भिंतीवर काय दिसतंय?"

काकांनी वाकून बघितलं. "खिळा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "बाई, खिळा दिसतोय!"

त्या गंजक्या खिळ्याचा मला एवढा आनंद झाला की काय सांगू! पुढच्या चार दिवसांत पाणी असं निवळलं की पेटीत पाणी आहे की नाही, असं वाटावं. पानांवरचं केसाळ शेवाळ राहिलं होतं, ते काळे मासे ओठांनी ओढून ओढून खात होते. त्यांना वरचं खाणं कमी झालं, तसं त्यांनी हे काम हाती घेतलं. नवी पानं फुटली. सरळ वर येऊन ती पाण्याच्या पृष्ठभागावर आडवी पसरली आणि त्यांच्या सावलीत मासे फिरायला लागले. सगळं शेवाळ मात्र कधी गेलं नाही. मागच्या काचेवर एक हिरवा पट्टा राहिला. तो मीच राहू दिला. गोगलगाईंनाही काही हवं ना.

मुलाला घेऊन उठून गेलेली ती बाई उन्हाळ्यात परत आली. मुलाला गोवर होता. पेटीकडे तिने एकदा बघितलं, मग मुलाला माझ्या हातात दिलं.

मे महिन्यात सोलापूर भट्टीसारखं तापलं. पेटीला ओलं पोतं गुंडाळायचं, वर पंखा, आणि वीज गेली की ट्यूबची हवा. एका काळ्या मादीचं पोट फुगलं होतं. मला वाटलं, पोटात पाणी झालं. पुन्हा काही घालायचं नाही, हे मी शिकले होते, म्हणून नुसती बघत राहिले. अव्वांनी चष्मा काचेला टेकवला आणि निकाल दिला, "पोटुशी हाय."

"अव्वा, मासे अंडी घालतात."

"घालू दे की. ही न्हाय घालायची."

आणि त्यांचंच खरं निघालं. शनिवारी सकाळी, बाकं भरलेली असताना, एका मुलाने किंकाळी फोडली. मी आतून धावत आले. मादी पानांच्या गर्दीत स्थिर उभी होती, आणि तिच्या मागून एक काळा ठिपका बाहेर पडला. खाली गेला, वळला आणि पोहत सुटला! अख्ख्या दोन डोळ्यांसकट, शेपटीसकट. मागून दुसरा.

"सुटली गं बाई, सुटली!" अव्वा ओरडल्या.

सगळे पेशंट पेटीभोवती जमले. त्यात सातव्या महिन्यातली एक मुलगी होती, तपासणीला माझ्याकडेच नाव घातलेली. ती पोटाला हात लावून इतकी हसत होती की मी घाबरले. "बाई, हिला कळा कशा येईनात? मला बी अशी करा की!"

"आधी तू खाली बस," मी म्हटलं.

काका मोजत होते, "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू..." अव्वा कानडीत मोजत होत्या, "ओंदु, एरडु, मूरु..." मी मनातल्या मनात मराठीत मोजत होते. तिघांच्या आकड्यांचा मेळ बसला नाही. काकांचे तेवीस, अव्वांचे सव्वीस, माझे एकोणीस. शेवटी अव्वांचं मानलं, कारण मोतीबिंदू काढलेले डोळे त्यांचेच होते.

मोठे मासे पिल्लांच्या मागे लागले तेव्हा सगळे काचेवर वाकले. स्वतःची पिल्लंही हे मासे गिळतात, हे मला माहीत नव्हतं. पण पिल्लं दाट पानांत शिरली आणि दिसेनाशी झाली. "बगितलंस?" अव्वांनी मला कोपराने ढोसलं. "जोंधळा दाट पायजे." त्या दिवशी पेशंट तपासायला दुपारचे दोन वाजले. कुणीही कुरकुर केली नाही.

दुसऱ्या दिवशी अव्वा पितळी डबा घेऊन आल्या. डब्यात घुगऱ्या, हरभऱ्याच्या, वर खोबरं. बारसं करायचंच, असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. काकांनी औषधाच्या पुड्यांचे कागद काढले आणि येईल त्याला एक एक पुडी दिली. एका आजोबांनी विचारलं, "जेवणाआधी घ्यायची का नंतर?"

आश्विनात हस्ताचा पाऊस चांगला झाला आणि अव्वांना जोंधळ्याच्या पेरणीचे वेध लागले. धाकटा मुलगा राहा म्हणत होता, सून राहा म्हणत होती. त्या म्हणाल्या, "मी न्हाय तर तितं पेरणी कोन बगंल?" निघायच्या दिवशी मी त्यांना दहा पिल्लं दिली, मुरंब्याच्या मोठ्या बरणीत, तोंडाला मलमलीचं फडकं बांधून. त्यांना ती घरच्या विहिरीत सोडायची होती. काका आणि मी त्यांना एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. दवाखाना अर्धा तास उशिरा उघडेल, अशी पाटी मी त्या दिवशी लावली होती.

अव्वा गाडीत चढल्या, बरणी मांडीवर धरून. कंडक्टर तिकिटं फाडत आला.

"आजी, बरणीत काय हाय?"

"लेकरं."

त्याने वाकून बघितलं. "दहा हायत की! तिकीट काडावं लागंल."

"मांडीवरच्या लेकराला कवापासनं तिकीट लागाय लागलं रं?"

आख्खी गाडी हसली. कंडक्टरही हसला. मागच्या चाकावर बरणी हिंदकळेल म्हणून त्याने अव्वांना पुढच्या सीटवर बसवलं आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "खड्डा बगून चालव, लेकरं हायती!" गाडी हलली तेव्हा अव्वा हात हलवू शकल्या नाहीत, दोन्ही हात बरणीला होते. त्यांनी खिडकीतून नुसती मान डोलावली.

महिन्याभराने पोस्टकार्ड आलं. अक्षर नातवाचं, शब्द अव्वांचे. 'मासे विहिरीत सोडले. आठ दिवस एकबी दिसला न्हाय. मला जेवण गोड लागंना. नवव्या दिवशी पायरीवर पाय सोडून बसले तर अंगठ्याला टोचायला आले. आता बायकांना धुणं वढ्याला न्यायला लावलंय, हितं साबन नगं म्हणून. लोक मला येडी म्हणत्यात. तुमी या.'

काकांनी कार्ड दोनदा वाचलं. मग बाहेर जाऊन बाकावर बसलेल्या चार पेशंटना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यातल्या एकानेही अव्वांना कधी पाहिलं नव्हतं. तरी अंगठ्याच्या ओळीशी सगळे हसले, आणि करमाळ्याकडची एक बाई मुलाला थोपटत म्हणाली, "आमच्या बी विहिरीला द्या की चार."